पदवीने गवई होत नाही, म्हणे!

संगीतातल्या एम.ए.चा विषय निघाला की मैफलीच्या मध्यंतरात, संमेलनाच्या मांडवात, विद्यापीठाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'पदवीने कोणी गवई होत नाही.' बोलणाऱ्याचा आविर्भाव असा की हा शोध आत्ता त्यालाच लागला. ऐकणारे माना डोलावतात. माना डोलावणाऱ्यांत अनेकदा संगीत विभागातले प्राध्यापकही असतात, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

मी तौलनिक साहित्यात एम.ए. केलं आणि आता भाषांतरं करते. साहित्याच्या पदवीने कोणी कवी होत नाही, सबब साहित्याचे विभाग म्हणजे थोतांड, असं मला आजवर कुणीही ऐकवलेलं नाही. मराठीचं किंवा बंगालीचं एम.ए. केलेल्या माणसाने कादंबरी लिहून दाखवावी अशी कुणाची अपेक्षा नसते. तो वाचायला शिकला, चार गोष्टी ताडून बघायला शिकला, एवढं पुरतं. गाण्याच्या विद्यार्थ्याला मात्र दोन्ही बाजूंनी मार. पदवी घेऊन गवई झाला नाही तर 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?' आणि झालाच, तर 'ते काही पदवीमुळे नव्हे.'

माझं म्हणणं थोडक्यात असं. हे वाक्य वरवर कलेच्या शुद्धतेची काळजी करतं, पण प्रत्यक्षात एक दार बंद करतं. आणि विद्यापीठांनी स्वतःच्या करणीने त्या वाक्याला बळ दिलं आहे. सादरीकरणाची पदवी देणाऱ्या आपल्या बहुतेक संस्था गाणं पुरतं ऐकतच नाहीत. गाण्याबद्दलचे कागद तपासतात. म्हणून पदवीची टिंगल करणाऱ्यांशीही भांडायला हवं आणि पदवी देणाऱ्यांशीही.

आधी टिंगलवाल्यांकडे वळू. पदवी नको तर काय हवं? उत्तर ठरलेलं : गुरुगृह. तिथली सेवा, पहाटेचा खर्ज, वर्षानुवर्षं एकच राग. या चित्राची थोरवी मला मान्य आहे. त्याच वाटेने आलेलं गाणं ऐकतच आपण सगळे वाढलो. प्रश्न एवढाच, की ती वाट कुणाकुणाला मोकळी होती?

भीमसेन जोशी १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून पळाले. विनातिकीट प्रवास, रेल्वेच्या डब्यातलं गाणं, गावोगावची भटकंती. ही कथा आपण कौतुकाने सांगतो आणि सांगावी अशीच ती आहे. शेवटी ते कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहिले, पाणी भरलं, गाणं मिळवलं. त्याच कुंदगोळला, त्याच गुरूंकडे, गंगूबाई हनगलही शिकायला जात. पण त्या हुबळीहून आगगाडीने जात आणि तालीम संपली की आगगाडीने परत येत. घर होतं, मुलं होती. त्यांच्या बाबतीत पळून जाण्याची कथा घडूच शकत नव्हती. अकरा वर्षांची मुलगी त्या काळी गाण्यासाठी विनातिकीट निघाली असती, तर तिची पुढची गोष्ट आपण मैफलीच्या मध्यंतरात कौतुकाने सांगितली नसती.

मोगूबाई कुर्डीकरांचं उदाहरण तर अधिक बोचरं आहे. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम सुरू झाली आणि तुटली. मग दुसरे उस्ताद, मग तिसरे. विरोध करणारे होते, आडकाठ्या होत्या. खाँसाहेबांचा रीतसर गंडा बांधला जाईपर्यंत वर्षं गेली. एवढ्या ताकदीची बाई आणि तालीम मिळण्याचा प्रश्न तिच्या हातात कधीच नव्हता. गुरूने शिकवायचं थांबवलं तर दाद कुठे मागायची? गुरुगृहाला कार्यालय नसतं, की आवक-जावक नोंदवही नसते.

दाद मागण्याचा हा प्रश्न जुना झालेला नाही. गेल्या काही वर्षांत गुरुकुलांमधल्या छळाच्या तक्रारी मुली आणि मुलगेही उघडपणे करू लागले आहेत. विद्यापीठात २०१३च्या कायद्यामुळे अंतर्गत तक्रार समिती नेमावीच लागते. ती समिती कशी चालते यावर वाद घालता येतो. पण वाद घालायला ती असते तरी. गुरूच्या दिवाणखान्यात शिष्याच्या बाजूने काय असतं?

ज्यांच्या घरी गाणं नाही, ज्यांच्या जातीच्या माणसाला उंबऱ्याआत घेताना आजही कुणी क्षणभर थबकतं, ज्यांना महिन्याची गुरुदक्षिणा परवडत नाही, ज्या मुलीला रात्री आठनंतर शिकवणीहून परतायची परवानगी नाही, त्या सगळ्यांना विद्यापीठाचं दार हेच दार आहे. अर्ज भरायचा, शुल्क भरायचं, शिष्यवृत्ती असेल तर मागायची, वसतिगृहात राहायचं आणि हक्काने वर्गात बसायचं. 'पदवीने गवई होत नाही' असं म्हणणारा त्यांना नेमका कोणता दुसरा पत्ता देतो?

विष्णु दिगंबर पलुस्करांना हे कळलं होतं. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गुरुकुलात शिकलेला हा माणूस. त्या पद्धतीत काय मिळतं आणि काय सोसावं लागतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. संस्थानिकाच्या मर्जीवर नव्हे, लोकांच्या देणग्यांवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर. गाणं शिकण्याची एक जागा, जिच्या दारावर पाटी आहे आणि आत जायला कुणाचा कुणी लागत नाही, ही त्या काळातली फार मोठी गोष्ट होती. या सगळ्याला दुसरी बाजूही आहे. संस्थांच्या या उभारणीत मुसलमान उस्ताद आणि गाणाऱ्या बाया कशा कडेला सारल्या गेल्या, याची चिकित्सा जानकी बाखले यांनी 'टू मेन अँड म्युझिक' या पुस्तकात केली आहे. ती वाचायलाच हवी. पण त्या चिकित्सेतून निघणारी मागणी दार आणखी रुंद करण्याची आहे. दार काढून पुन्हा भिंत बांधा, असं त्यातून निघत नाही.

आता विद्यापीठांकडे वळते. तिथे मला भातखंड्यांपासून सुरुवात करावी लागेल, कारण आज देशभरात संगीताच्या एम.ए.ला जे 'शास्त्र' शिकवलं जातं त्याचा पाया त्यांनी घातला. अनेक अमराठी वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण विष्णु नारायण भातखंड्यांचा 'हिंदुस्थानी संगीतपद्धति' हा चार भागांचा ग्रंथ मुळात मराठीत आहे. लखनौ, बनारस, खैरागढची मुलं तो हिंदी अनुवादात वाचतात. आणि तो संवादरूपात आहे. शिष्य विचारतो, गुरू सांगतो, शिष्य पुन्हा आडवं विचारतो, गुरू जरा मागे सरकतो, 'अमक्याने असंही गायलेलं ऐकलं आहे' म्हणतो. वकिली केलेल्या माणसाचा तो उलटतपास आहे. ग्रंथातले गुरुजी ज्या 'चतुर पंडिता'चा आधार घेतात ते संस्कृत टोपणनाव खुद्द भातखंड्यांचंच, हा त्यातला मिस्कीलपणा.

या जिवंत, शंकेखोर, ठिकठिकाणी फिरून ऐकलेल्या संभाषणाचं आपण काय केलं? त्यातून व्याख्या काढल्या. व्याख्यांच्या नोट्स केल्या. नोट्सची गाइडं केली. 'खालील रागांची तुलना करा, गुण दहा.' एकीकडे मूळ मराठी संवाद, दुसरीकडे त्यातून उरलेली परीक्षेची उत्तरं. भाषांतर करताना पुष्कळ गोष्टी हरवतात, हे मला धंद्यामुळे माहीत आहे. पण इथे हरवलेली गोष्ट भाषांतरात हरवली नाही. ती परीक्षेत हरवली.

काही वर्षांपूर्वी एका गायिकेचा प्रबंध भाषांतरासाठी माझ्याकडे आला. तिशीतली मुलगी, तालुक्याच्या गावची. महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात ती गायनात पदव्युत्तर पदवी करत होती. लिहिलं होतं मराठीत. विद्यापीठाला हवं होतं हिंदी किंवा इंग्रजीत. विषय होता मारवा आणि पूरिया या रागांतला कोमल रिषभ. दोन्ही रागांचे स्वर तेच. रिषभ दोघांतही कोमल, मध्यम दोघांतही तीव्र, पंचम दोघांतही नाही. तरी एक दुसऱ्यासारखा मुळीच वाटत नाही. विषय वाचून मी खूश झाले.

पहिलं प्रकरण होतं संगीताची उत्पत्ती. दुसरं, भरतापासून शार्ङ्गदेवापर्यंत. तिसरं, थाटपद्धती. चौथ्यात श्रोत्यांना वाटलेली प्रश्नावली आणि तिचे रंगीत गोल आलेख : इतक्या श्रोत्यांना मारवा 'उदास' वाटतो, इतक्यांना 'गंभीर'. रिषभ जेमतेम चार पानांत आटोपला होता. त्या चार पानांत एक वाक्य होतं, 'मारव्याचा रिषभ उभा असतो.' हे 'उभा' मला दुसऱ्या भाषेत नेता येईना. मी फोन केला. ती म्हणाली, "ताई, असं सांगता नाही यायचं. गाऊन दाखवू का?"

ती आली आणि तिने गाऊन दाखवलं. मारव्यात षड्ज टाळत राहायचा. त्यामुळे रिषभाला टेकायला भिंत उरत नाही, तो स्वतःच्या पायांवर उभा राहतो आणि ऐकणाऱ्याला घरी कधी पोचतोय असं होतं. पूरियात तोच रिषभ मंद्र निषादावरून गांधाराकडे जाताना वाटेत लागतो. तिथे मुक्काम करायचा नाही. हे ती बोलत होती आणि गात होती, गात होती आणि बोलत होती. तासभर गेला. 'लगाव' म्हणजे काय, एखादी 'जागा' कशी घ्यायची, कुठली 'हरकत' इथे चालते आणि कुठली रागाला हरकत घेते, हे मला त्या तासात जितकं कळलं तितकं त्या दीडशे पानांत कुठेही नव्हतं.

"हे सगळं प्रबंधात का नाही?" मी विचारलं.

"सरांनी सांगितलं, संदर्भ द्या. मी कुणाचा संदर्भ देऊ? हे मला आमच्या बाईंनी समोर बसवून शिकवलंय."

तिला पदवी मिळाली. प्रात्यक्षिकात तिने मारवा गायला घेतला. एका आवर्तनाला जवळजवळ मिनिट लागणारा विलंबित ख्याल. तिसऱ्या आवर्तनानंतर परीक्षक म्हणाले, "ठीक आहे, आता द्रुत." दोन वर्षांच्या 'सादरीकरणा'च्या शिक्षणात त्या संस्थेने तिचं गाणं एकदाही तासभर सलग ऐकलं नाही. तिच्या प्रबंधाचे समास मात्र काटेकोर तपासले.

हे एका विद्यापीठाचं वैगुण्य असतं तर मी लिहायला बसले नसते. पण पुढची पायरी बघा. विद्यापीठात शिकवायचं तर नेट द्यावी लागते. २०१८पासून दोन पत्रिका, मिळून तीन तासांत. दीडशे प्रश्न, सगळे बहुपर्यायी. संगीत या विषयालाही तेच. पूरिया कुठल्या थाटातला? मारवा. मारवा कुठल्या थाटातला? मारवा. सोहनी? तोही मारवा. तिन्ही उत्तरं बरोबर, गुण पुरे. आता या तिघांतला एकेक राग दहा मिनिटं असा गा की दुसऱ्याची सावली पडायला नको. पूरिया मंद्रात रमतो, सोहनी तार षड्जाभोवती चमकते, मारवा अधांतरी असतो. त्या एकाच बरोबर उत्तराच्या पोटात हे तीन वेगळे जीव आहेत आणि संगीत म्हणतात ते या वेगळेपणालाच. ते तपासायला चार पर्यायांची पत्रिका नाही, कान लागतो.

न्यायाने सांगायचं तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत एक बाजूचं दार ठेवलेलं आहे. नामवंत गुरूंकडे शिकलेला, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची 'ए' श्रेणी असलेला पदवीधर कलावंत सहायक प्राध्यापक होऊ शकतो. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही मनातून ठाऊक आहे की कागदी परीक्षेने गाणं कळत नाही. मग जे बाजूच्या दाराला कळतं ते मुख्य दाराला का कळू नये? स्वतःच दिलेल्या एम.ए.वर विद्यापीठाचा विश्वास नाही आणि आकाशवाणीच्या श्रेणीवर आहे, यापेक्षा मोठी कबुली कोणती?

त्याच वर्षीच्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ केलं आहे. संगणक शब्द मोजतो, ते ठीकच. पण गाण्यात उसनवारी कुठे होते? दुसऱ्याची तान उचलली, गुरूची नक्कल केली आणि त्यात स्वतःचं काहीच घातलं नाही, तर ते सादरीकरणातलं खरं चौर्य. ते पकडणारी आज्ञावली कुठल्याच विद्यापीठात नाही. ते पकडायला पुन्हा कुणीतरी बसून ऐकायला हवं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदव्युत्तर आराखड्यांत संशोधनपद्धती आणि संशोधन प्रकल्पाचं वजन वाढलं आहे. संगीताच्या विभागाने त्याचा अर्थ 'आणखी एक प्रश्नावली, आणखी चार आलेख' असाच घेतला, तर रियाजाचे तास आणखी आटतील.

यावर ठरलेले आक्षेप येतात. पहिला : गाणं व्यक्तिनिष्ठ, त्याला गुण कसे द्यायचे? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आकाशवाणीकडे पाहावं. स्वातंत्र्यानंतर बाळकृष्ण केसकरांच्या मंत्रिपदाच्या काळात तिथे ध्वनिचाचणीची व्यवस्था बसली. तिच्यावर कलावंत चिडले, अन्यायाच्या तक्रारी झाल्या, आजही होतात. तरी ती व्यवस्था दशकानुदशकं गाणं ऐकून श्रेणी देत आली आहे. निबंध मागवून नव्हे. शिवाय साहित्याचे परीक्षक कवितेच्या रसग्रहणाला पंधरापैकी साडेनऊ गुण देतात, ते कुठल्या तराजूवर?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : गाणाऱ्याला लिहिता-बोलता यायलाच हवं, नाहीतर एम.ए. आणि शिकवणी यांत फरक काय? शंभर टक्के मान्य. गायकाने विचार करू नये, तो विद्वानांनी करावा, ही वाटणी मला अपमानास्पद वाटते. पण लेखन गाण्यातून यावं. प्रभा अत्रे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांकडे शिकल्या. त्यांच्या हाती विज्ञानाची आणि कायद्याचीही पदवी होती. त्यांनी डॉक्टरेट केली ती सरगमवर, म्हणजे त्या स्वतः मैफलीत जे गात होत्या आणि ज्यावरून टीका ओढवून घेत होत्या, त्यावरच. प्रश्न गळ्यात होता, म्हणून प्रबंधाला अर्थ होता. पुढे एसएनडीटी विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. पदवी आणि मैफल यांच्यात वैर आहे असं सांगणाऱ्यांनी हे एक नाव आठवावं आणि मग बोलावं.

तिसरा आक्षेप : हे सगळं परदेशी फॅड आहे. तर ऐका. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९२२ साली पदव्युत्तर विभागाच्या अधिष्ठात्याने जाहीर केलं की कविता, संगीतरचना, चित्रं यांसारखी सर्जक कृती प्रबंध म्हणून स्वीकारली जाईल. हा अधिष्ठाता कार्ल सीशोर. पेशाने मानसशास्त्रज्ञ आणि सांगीतिक गुणवत्ता मोजण्याच्या चाचण्यांसाठी प्रसिद्ध. म्हणजे ज्याने आयुष्यभर संगीत मोजलं त्याच माणसाने सांगितलं की कलाकृतीच प्रबंध होऊ शकते. शंभर वर्षं झाली. लेखनाच्या क्षेत्रात त्या निर्णयाची फळं जगाने चाखली. तिथे आज संगीत-सादरीकरणाच्या डॉक्टरेटला मैफली हाच कामाचा गाभा असतो, लेखन त्याच्या जोडीला. आणि हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. चेन्नईच्या म्युझिक अकॅडमीत मार्गशीर्षातल्या महोत्सवात सकाळी सप्रयोग व्याख्यानं होतात. विद्वान बोलतो, गातो, पुन्हा बोलतो, समोरचे जाणकार हटकतात. ज्ञान मांडण्याची ही आपलीच रीत. भातखंड्यांचा संवाद याच रीतीचा. तिला विद्यापीठाने अजून प्रबंध म्हणायला हवं आहे, एवढंच.

म्हणून मागण्या करते, त्याही मोजक्या. एम.ए.च्या शेवटी विद्यार्थ्याने श्रोत्यांसमोर पूर्ण मैफल करावी. साथीला तबला, संवादिनी आणि चांगले लावलेले तानपुरे विभागाने द्यावेत. परीक्षकांनी ती अथपासून इतिपर्यंत ऐकावी आणि गुणांसोबत कारणंही लिहून द्यावीत. प्रबंधाच्या जागी सप्रयोग मांडणी असावी, ध्वनिमुद्रित, विद्यार्थी ज्या भाषेत शिकला त्या भाषेत : मराठी, कन्नड, बंगाली, कोकणी, कुठलीही. दुसऱ्या भाषेची गरज असेल तर विद्यापीठाने भाषांतरकार नेमावा आणि त्याचे पैसे विद्यापीठाने द्यावेत. विद्यार्थिनीने पदरमोड करून नव्हे. आणि संदर्भसूचीत गुरूच्या तालमीला जागा द्या. 'अमुक बाईंची तालीम, अमुक साल, अमुक बंदिश' हा संदर्भ ग्रंथाच्या पानाइतकाच पक्का आहे. ज्या विद्येचा सगळा इतिहास तोंडातून कानात गेला, तिच्या पदवीत फक्त छापील पान प्रमाण मानणं हा अडाणीपणा आहे, संशोधन नव्हे.

यात अशक्य काय आहे? पुण्याच्या विद्यापीठातल्या ललित कला केंद्राने गुरुकुल आणि अभ्यासक्रम यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केलाच आहे. बनारस हिंदू विद्यापीठात ओंकारनाथ ठाकूर, खैरागढच्या विद्यापीठात कुलगुरू म्हणून श्रीकृष्ण रातंजनकर. गाणारी माणसं या संस्थांच्या मुळाशी होती. त्यांनी ज्या खुर्च्या उबवल्या त्या खुर्च्यांवरून आज 'संदर्भ द्या' एवढंच ऐकू यावं, हे त्यांच्या वारशाला शोभत नाही.

हे संगीताच्या नियतकालिकात न लिहिता इथे का लिहिते आहे? कारण अभ्यासमंडळांवर, विद्वत्सभांवर, मूल्यांकन समित्यांवर बहुतांशी आपण बसतो : भाषांचे, साहित्याचे, समाजशास्त्रांचे लोक. प्रबंधाचा साचा आपण ठरवला आणि गाणाऱ्यांवर लादला. त्या साच्यात ते अवघडले की 'कलावंतांना विचार करता येत नाही' असंही आपणच म्हटलं. आणि हा खेळ पैशांचा आणि पोटाचाही आहे. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत एम.ए. झालेली किती मुलं-मुली तासिका तत्त्वावर राबतात. तासाला पैसे, सुट्टीला काही नाही, पुढच्या वर्षीची खात्री नाही. त्यांना कायम व्हायचं तर पुन्हा त्याच दीडशे बहुपर्यायी प्रश्नांतून जायचं आहे. मारव्याचा रिषभ उभा कसा राहतो हे मला समजावून देणारी ती मुलगी आज त्याच रांगेत आहे. सकाळी रियाजाला बसण्याऐवजी ती थाटांच्या याद्या पाठ करते.

तेव्हा यापुढे कुणी 'पदवीने कोणी गवई होत नाही' म्हणालं, तर मान डोलावू नका. विचारा, मग कशाने होतो? आणि ते जे काही असेल, ते कुणाला मिळतं आणि कुणाला मिळत नाही? आणि असं म्हणणारी व्यक्ती विद्यापीठातली असेल, तर तिला एकच विचारा : गेल्या वर्षी ज्यांना तुम्ही एम.ए. दिलं, त्यांच्यापैकी किती जणांचं गाणं तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत?